उकळून वापरावे

मुलुंडला मी ज्यांच्याकडे चार वर्षं राहिलो ते गृहस्थ, कुणाकडे मूल झाल्याची बातमी कानावर आली की एकच प्रश्न विचारत. वजन किती? मुलगा की मुलगी, हे ते विचारत नसत. समोरच्याने आपणहून सांगितलं तर ऐकून घेत आणि पुन्हा विचारत, "ते झालं. वजन?" बातमी आणणारा बहुधा बाळाचा बाप असे आणि हॉस्पिटलातून थेट आलेला असे. त्याला वजन आठवत नसे. मग हे त्याला परत पाठवत. असे दोन बाप खरोखर परत गेलेले मी पाहिले आहेत.

वजन कळलं की ते कपाटाचं दार उघडत. दाराच्या आतल्या बाजूला कारखान्यातलं एक जुनं हजेरीकार्ड चिकटवलेलं होतं. त्याच्या कोऱ्या बाजूवर डावीकडे पौंड आणि उजवीकडे टाके, असा बारीक अक्षरातला तक्ता होता. त्यात बघून ते सुईवर टाके घालत आणि बाराव्या दिवसाच्या आत टोपरं तयार होई. लोकर उरली तर पायमोजे. बाळ जन्मण्याआधी त्यांनी कधीही सुई हातात घेतली नाही. आमच्याकडे जन्माआधी बाळासाठी नवं काही आणत नाहीत, त्यामुळे बायकांना यात विशेष वाटत नसे. त्यांचं कारण मात्र निराळं होतं. "अजून आलं नाही त्याचं माप कुणाचं घेऊ?" असं ते म्हणत.

वसाहत हाउसिंग बोर्डाची, पूर्वेला. चार मजले, सोळा बिऱ्हाडं. बहुतेक कोकणातली, बाप गिरणीत होते आणि मुलं बँकेत, टेलिफोनमध्ये, ट्रॉम्बेच्या अणुकेंद्राच्या बसने जाणारी. रंगीत टीव्ही नुकताच आला होता आणि दोनच घरांत होता. माझे घरमालक दुसऱ्या मजल्यावर एकटे राहत. आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते, मी राहायला गेलो त्याच्या आदल्या वर्षी निवृत्त झाले होते. बाहेरच्या खोलीतली एक खाट आणि भिंतीतलं एक कपाट त्यांनी मला दिलं होतं. मी त्या वेळी एका मराठी दैनिकात उपनगरांच्या पानावर नवखा वार्ताहर होतो. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणे.

घड्याळ ते मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत. मी साडेनवाला येतो म्हणून पावणेदहाला आलो तर काही बोलत नसत, फक्त मनगट उलटं करून बघत. चहा दोन वेळा. वर्तमानपत्र सकाळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, निविदासूचनांसकट. दुपारी दाराशी खुर्ची टाकून विणकाम. दार उघडं असे, त्यामुळे जिन्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला दिसे. खाली कॅरम खेळणारी माणसं त्यांची थट्टा करत. एकाने एकदा विचारलं, काका, साडी कधी नेसताय? त्यांनी ओळ पुरी केली, सुई बगलेत धरली आणि म्हणाले, "सुया दोन, हात दोन. त्यात बाईमाणूस कुठे आलं?" पुन्हा त्या माणसाने विचारलं नाही. पुढे त्याला जुळी झाली तेव्हा दोन टोपरी गेली, एक पाच पौंडांचं आणि एक साडेचारचं.

दुसऱ्यांच्या घरात ते फारसे जात नसत. टोपरं द्यायला गेले तरी उंबऱ्याबाहेर उभे राहत, पुडी हातात देत आणि वळत. बाळाला घ्या म्हटलं तर "नको, झोपेत आहे" म्हणत, मग ते जागं असो की रडत असो. लोक हा त्यांचा स्वभाव समजत. मीही समजत होतो. पण आठवड्याने ते त्याच दाराशी पुन्हा जात आणि विचारत, "बसलं का?" बसलं म्हटलं की मान हलवत आणि परत येत. त्या दिवशी संध्याकाळचा चहा जरा जास्त साखरेचा होई. हा माझा अंदाज नाही. चहा मीही तोच पीत होतो.

लोकर ते पश्चिमेला स्टेशनाजवळच्या एका कच्छी दुकानदाराकडून आणत. शुद्ध लोकरच हवी. कृत्रिम धागा बाजारात येऊ लागला होता, रंगाला झकास, धुवायला सोपा. दुकानदार दर वेळी तो पुढे सरकवी. हे तो अंगठ्यावर घासून परत देत. लिंबी किंवा गाजरी, दोनच रंग. गुलाबी आणि निळा कधी नाही.

लडी आणली की ती उलगडायला माझे हात लागत. मी खाटेवर बसून दोन्ही हात पुढे धरायचे, मनगटांभोवती लडी, आणि ते समोर बसून गुंडा करायचे. "हात सैल सोड," ते म्हणत, "हातकडी घातल्यासारखा काय बसतोस?" त्या अर्ध्या तासात मला दुसरं काही करता येत नसे, त्यामुळे मी बोलत असे. कालचा मोर्चा, परवाची आग, संपादकांचा राग. ते ऐकत आणि मध्येच माझं वाक्य दुरुस्त करत. "सुमारे दोनशे म्हणालास आधी. आता तीनशे कसे झाले?" बातमीदारीतली काही शिस्त मी त्या लडीमागे बसून शिकलो, कार्यालयात नाही.

विणताना टाका गळला तर ते घाई करत नसत. मी एकदा पाहिलं, टाका सुटून खाली चारपाच ओळी गेला होता. त्यांनी काम मांडीवर ठेवलं, चष्मा पुसला आणि नुसते बघत राहिले. म्हणाले, तो कुठवर गेला ते आधी बघायचं. ओढाताण केली तर आणखी खाली जातो.

असंच एकदा लडी धरून बसलो असताना मी त्यांना विचारलं की हे शिकलात कुठे?

"घाटावर."

"घाटावर कुठे?"

"खाटेवर," ते म्हणाले. थोड्या वेळाने बाकीचं सांगितलं. बाविसाव्या वर्षी त्यांना क्षय झाला होता. देशावरच्या एका सॅनेटोरियममध्ये दोन वर्षं काढली. त्यातले आठ महिने उठून बसायचीही परवानगी नव्हती. तिथल्या एका नर्सने सुया हातात दिल्या. हात गप्प राहिले की डोकं चालतं आणि डोकं चाललं की ताप चढतो, असं ती सगळ्या वॉर्डाला सांगे. त्यांनी पहिलं टोपरं विणलं ते तिच्याच मुलासाठी. तिने ते घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि पिशवीत टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी थर्मामीटर तोंडात घालता घालता म्हणाली, बसलं. वॉर्डातली वस्तू तिने तान्ह्या मुलाच्या डोक्यावर घातली होती, एवढंच त्यांनी सांगितलं. पुढे औषधं मिळाली, ते पूर्ण बरे झाले, दर वर्षी कारखान्यात छातीचा फोटो निघे आणि तो स्वच्छ येई. आजाराआधी लग्न ठरलं होतं. ते नंतर राहिलं.

त्या महिन्यात पुरवणीला एक हलका मजकूर हवा होता. मी काकांवर लिहितो म्हटलं, मुख्य उपसंपादकांना कल्पना आवडली. घरी येऊन मी परवानगी मागितली.

"लिही," ते म्हणाले. "पण नाव नको, तोंडाचा फोटो नको."

"आणि सॅनेटोरियम?"

"त्याची गरज आहे का?"

मी म्हटलं, आहे. पुरुष माणूस हे कुठे शिकला, हा वाचकाचा पहिला प्रश्न असणार. त्यांनी घड्याळाला चावी दिली. मग म्हणाले, "खरं आहे ते. लिही."

मजकूर आला. हातांचा फोटो होता, नाव नव्हतं. शीर्षक कार्यालयात दिलं गेलं आणि त्यात क्षय हा शब्द होता, मोठ्या टायपात. मी जे लिहिलं होतं त्यात शीर्षकाला तो शब्द सगळ्यात सोयीचा होता, त्यामुळे दोष उपसंपादकाचा म्हणता येत नाही. सकाळी काकांनी नेहमीप्रमाणे पेपर पहिल्यापासून वाचायला घेतला आणि या मजकुरापाशी क्रमानेच पोचले. एके ठिकाणी बोट ठेवलं. "टोपरं चार सुयांवर विणतात असं लिहिलंयस. मी दोनावर विणतो. चार सुया मोज्यांना." मी दुरुस्ती छापतो म्हटलं. ती छापली गेली नाही.

वसाहतीत आमचा पेपर चौदा बिऱ्हाडांत येई. नाव नसलं तरी कुणाला ओळखायला वेळ लागला नाही. कुणीतरी कात्रण खालच्या मीटरच्या पेटीवर चिकटवलं. लोकांनी जिन्यात अभिनंदन केलं. कॅरमवाल्यांनी चहा पाजला. आठवडाभर सगळं छान होतं.

त्यानंतरच्या काही महिन्यांत वसाहतीत तीन बाळं झाली. तिन्ही घरी टोपरी गेली आणि तिन्ही घरांनी ती हसून घेतली. कशाला एवढा त्रास घेतलात काका, असंही म्हणाले. आठवड्याने ते विचारायला गेले. एका घरी सांगितलं, थोडं सैल होतंय. दुसऱ्या घरी सांगितलं, धुवायला टाकलंय. तिसऱ्या घरी, आजीने जपून ठेवलंय. तिन्ही मुलांच्या डोक्यावर स्टेशनाजवळ मिळतात तशी झालरीची नायलॉनची टोपडी होती.

काका परत आले आणि त्यांनी कपाटाचं दार उघडलं. तक्त्यातला एकेक आकडा खोडून त्यांनी शेजारी नवा लिहिला, प्रत्येक ठिकाणी चार टाके कमी. मला म्हणाले, "निवृत्तीनंतर हात सैल पडतो. माप चुकायला लागलंय." बाजारातून वेगवेगळ्या आकाराचे नारळ आणले आणि विणलेलं टोपरं त्यांच्यावर घालून बघू लागले. एक टोपरं त्यांनी तीनदा उसवलं. उसवलेली लोकर वाकडीतिकडी होते, ती वाफेवर धरून सरळ करावी लागते. दुपारभर ते किटलीपुढे उभे होते.

मला तोपर्यंत कारण कळलं होतं. जिन्यात मी दोघींना काकांच्या जुन्या आजाराबद्दल बोलताना ऐकलं होतं. त्यांचा आवाज मला बघून थांबला, पण ऐकायचं ते ऐकून झालं होतं. चूक असेल तर वर्तमानपत्र दुरुस्ती छापतं. माझ्या मजकुरात सुयांच्या संख्येशिवाय चूक नव्हती. मी काकांना काही सांगितलं नाही. किटली उकळत होती, मी तोंड धुऊन कामावर गेलो.

तळमजल्यावर राणेकाकू राहत. मालवणकडच्या, आवाज मोठा. त्यांच्या सुनेला, सुलभाला, मुलगी झाली. नवीन तक्त्यानुसार टोपरं गेलं, बारशाच्या सहा दिवस आधी. दुसऱ्या दिवशी दुपारी काका लोकर आणायला पश्चिमेला गेले होते आणि मी सुट्टीमुळे घरी होतो. राणेकाकू वर आल्या. दार लोटून घेतलं. पदराखालून त्यांनी एक लिंबी रंगाची वस्तू काढून माझ्या हातावर ठेवली. जेमतेम मोसंबीवर बसलं असतं एवढं टोपरं होतं ते. जाड, कडक, पायपुसण्यासारखं.

"ह्यां बघ काय झालां," त्या म्हणाल्या.

मग खाटेवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. सून घालायला तयार नव्हती. बाकीच्यांसारखं कपाटात ठेवून देऊ म्हणत होती. राणेकाकूंना ते पटेना. त्यांच्या स्वतःच्या मुलाला, म्हणजे बाळाच्या बापाला, ते कोवळं पोर असताना काका सकाळी कारखान्यात जाताना शाळेपर्यंत सोडत असत. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला. लंगोट उकळतो तसं टोपरंही उकळायचं, मग सुनेला बोलायला जागा राहणार नाही. मोठ्या पातेल्यात पाणी, मूठभर सोडा, तासभर स्टोव्हवर. झाकण काढलं तेव्हा हे निघालं.

"आता रविवारी बारशाक ते येतले," त्या म्हणाल्या. "पोराच्या डोक्यार काय घालू? हां?"

मी म्हटलं, जे झालं ते त्यांना सांगून टाका. त्यांना वाईट वाटेल पण समजेल.

"मी नाय सांगूचंय. लिवलंस तू. आता सांग पण तूच."

टोपरं खाटेवर ठेवून त्या खाली गेल्या.

काका साडेपाचला आले. मी ते टोपरं त्यांच्या हातात दिलं आणि जे ऐकलं होतं ते सांगितलं, जिन्यातल्या बोलण्यासकट, तिन्ही घरांसकट. मजकूर माझा होता हेही सांगितलं, जणू त्यांना ते माहीत नव्हतं. ते उभ्यानेच ऐकत होते. मग खुर्चीत बसले, टोपरं तीन बोटांवर चढवलं आणि खिडकीकडे करून पाहिलं.

"सोडा घातला होता?"

"हो."

"किती वेळ?"

"तासभर."

"तास कशाला? वॉर्डात थुंकीची भांडीसुद्धा वीस मिनिटंच उकळायचे." टोपरं त्यांनी ओढून पाहिलं. ते ताणलं गेलं नाही. "टाका मात्र एकही गळला नाही."

मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात ते म्हणाले, "म्हणजे माप चुकलं नव्हतं."

उठून त्यांनी कपाट उघडलं, नवे आकडे खोडले आणि जुने पुन्हा लिहिले. रागाचा किंवा दुःखाचा एकही शब्द ते त्या दिवशी बोलले नाहीत, पुढेही नाही. त्यांना काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. जेवण मात्र त्यांनी केलं नाही, पोट जड आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी क्रोशाच्या सुती दोऱ्याची पांढरी रिळं आणली. तो दोरा टोपऱ्याला फार बारीक. मग ट्रंकेतून पितळी चकतीची एक टकळी निघाली. लहानपणी शाळेत सूतकताईचा तास असे, तेव्हाची. चार पदर एकत्र करून टकळीवर पीळ द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. पदरांची टोकं धरून मी खोलीच्या एका भिंतीशी उभा, दुसऱ्या भिंतीशी ते, मध्ये टकळी फिरतेय. पहिल्या दिवशी पीळ उलटा बसला आणि सगळं सुटलं. दुसऱ्या दिवशी जमलं. शनिवारी टोपरं तयार झालं. ते पांढरंच राहिलं, कारण रंग उकळण्यात टिकेल याची त्यांना खात्री नव्हती.

रविवारी चार वाजता बारसं होतं. पाळणा बांधला होता, दोन खोल्यांत वीसएक बायका होत्या. पुरुष गॅलरीत. काका इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरले. एका हातात पुडी, दुसऱ्या हातात घरचं ॲल्युमिनियमचं पातेलं. मी मागे होतो. उंबऱ्याशी ते नेहमीप्रमाणे थांबले. राणेकाकू पुढे आल्या आणि पातेल्याकडे बघत राहिल्या.

"राणेबाई," काका म्हणाले, "स्टोव्ह मोकळा आहे का?"

चहाचं आधण ठेवलेलं होतं. ते उतरवलं गेलं. काका चपला काढून आत गेले. त्या घरात ते आत गेलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. पातेल्यात पाणी घेतलं, स्टोव्हवर ठेवलं, पाण्याला उकळी फुटेपर्यंत उभे राहिले. मग पुडी सोडून टोपरं आत टाकलं आणि मनगट उलटं केलं.

वीस मिनिटं फार असतात. पाळण्यापाशी कुणीतरी ओळी म्हणायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. बाळ आत्याच्या मांडीवर होतं. घुगऱ्यांच्या वाट्या भरून ठेवल्या होत्या, त्या कुणी उचलल्या नाहीत. ज्यांनी टोपरी कपाटात ठेवली होती त्या तिघीही तिथे होत्या. त्यांच्यातली एक उठून गॅलरीत गेली. मोरीत नळ गळत होता, राणेकाकूंनी जाऊन तो घट्ट केला. सुलभा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि काकांच्या पाठीकडे बघत होती. काका घड्याळाकडे बघत होते. त्यांनी कुणाला लाजवण्यासाठी हे केलं का, हे मी नंतर एकदा विचारलं. ते म्हणाले, लोकांना शंका होती, शंकेला वेळ द्यावा लागतो. त्यातून मला उत्तर मिळालं नाही.

वेळ झाल्यावर त्यांनी सांडशीने टोपरं बाहेर काढलं, नळाखाली धरलं, पिळलं, झटकलं. पाळण्याशेजारच्या ताटात ओटीचा नारळ होता. तो उचलून त्यांनी त्यावर टोपरं चढवलं. दोन्ही बाजूंनी बरोबर आलं.

"बसलं," ते स्वतःच म्हणाले.

मग सुलभाकडे वळून त्यांनी सांगितलं की ओलं डोक्यावर घालू नको, वाळल्यावर घाल, आणि पुन्हा शंका आली तर पुन्हा उकळ, ह्याला काही होत नाही. सुलभाने मान हलवली. राणेकाकूंनी घुगऱ्यांची वाटी पुढे केली. काकांनी त्या ओंजळीत घेतल्या आणि पातेलं काखेत धरून वर निघून गेले. टोपरं गॅलरीच्या दोरीवर वाळत पडलं. बारसं त्याच्याशिवाय झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलभा मुलीला घेऊन वर आली. मुलीच्या डोक्यावर पांढरं टोपरं होतं. "काका, बघा," ती म्हणाली. ते खुर्चीतून उठले नाहीत, पण वाकून त्यांनी हनुवटीखालची नाडी एका बोटाने सैल केली. घट्ट बांधलीस, म्हणाले.

तेव्हापासून वसाहतीतलं प्रत्येक टोपरं सुती झालं. सोबत हजेरीकार्डाचा तुकडा असे आणि त्यावर टाइमकीपरच्या अक्षरात लिहिलेलं असे: वीस मिनिटे उकळून वापरावे. लोक उकळत आणि वापरत. कपाटात टोपरं ठेवल्याचं पुन्हा ऐकलं नाही. कॅरमवाल्यांपैकी एकाने चिठ्ठीची चेष्टा केली, औषधाच्या बाटलीवर असतं तसं लिहिलंय म्हणाला. काका म्हणाले, मग नीट वाचतील. कच्छी दुकानदाराने एकदा मला रस्त्यात थांबवून विचारलं की तुमचे काका लोकर न्यायला का येत नाहीत, दुसरं दुकान लागलं का? मी नाही म्हटलं.

पुढे माझं लग्न झालं आणि आम्ही बोरिवलीला राहायला गेलो. ही सगळी हकीकत मी माझ्या पत्नीला सांगितली होती. मोसंबीएवढं टोपरं, ॲल्युमिनियमचं पातेलं, घुगऱ्या. मी ती रंगवून सांगत असे आणि ती हसत असे. वसाहतीतल्या लोकांच्या अज्ञानाबद्दलही आमचं एकमत होतं.

आम्हाला मुलगी झाली ती डिसेंबरात. मी काकांना कार्ड टाकलं आणि त्यात वजन लिहिलं. नवव्या दिवशी ते दोन बस बदलून आले. मुलुंड ते बोरिवली, वाटेत दीड तास. दाराबाहेरच उभं राहून त्यांनी पुडी माझ्या हातात दिली. मी उघडली. लिंबी रंगाचं टोपरं होतं, लोकरीचं. चार वर्षांत त्यांनी लोकरीत विणलेलं पहिलं.

"ह्याला चिठ्ठी नाही," ते म्हणाले. "तुला काय सांगायचं?"

दाराशीच उभ्याने चहा घेऊन ते गेले. पत्नीने टोपरं हातात घेतलं, छान आहे म्हणाली, आणि घडी करून कपाटात ठेवलं. म्हणाली, आधी डॉक्टरांना विचारू. डॉक्टर आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहत होते. मी रोज त्यांच्या दारावरून जात होतो. मी विचारलं नाही. ते काय सांगतील ते मला माहीत होतं. ते पत्नीला सांगायलाही मला दोन वाक्यं पुरली असती, आणि ती तिने ऐकली असती, कारण अशा बाबतीत ती माझं ऐके. मी ती बोललो नाही. त्याचं कारण अज्ञान नव्हतं. मी क्षयावर तीन लेख लिहिले होते.

जानेवारीत एका रविवारी काका पुन्हा आले. या वेळी मी आग्रह केला म्हणून आत येऊन बसले. मुलगी पाळण्यात जागी होती. तिच्या डोक्यावर झालरीचं नायलॉनचं टोपडं होतं, पत्नीच्या माहेरून आलेलं. काकांनी एकदा पाळण्याकडे पाहिलं. ते काही विचारायच्या आत मी म्हणालो, "सध्या उकाडा फार आहे, काका."

त्या सकाळी आम्ही खिडक्या लावून घेतल्या होत्या. त्यांच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर होता, माझ्याही होता.

"हो," ते म्हणाले, "आहे खरा." आणि चहा गार करायला बशीत ओतला.

आमची नंतर तीनचारदा भेट झाली. टोपऱ्याबद्दल त्यांनी विचारलं नाही. ते अजून माझ्याकडे आहे, आणि जसं आलं तसंच आहे. आकसलेलं नाही, कारण कुणी उकळलं नाही. आतल्या बाजूला एक केससुद्धा नाही.